मेसेज कुणाच्या फोनवर जातो?



आजच्या गप्पांची सुरुवात आमच्या एका गटाच्या मागच्या बैठकीपासून करते. बचत जमा झाली, हप्ते झाले, इतिवृत्त लिहून झालं. सगळ्या उठायला लागल्या तेव्हा साठीच्या एक काकू पासबुक घेऊन माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे जरा बघ गं. मी एकदाच पैसे काढले आणि इथं दोनदा लिहिलंय."

काकू गावातल्या एका केंद्रावर अंगठा लावून पंधराशे रुपये काढायला गेल्या होत्या. पहिल्या दिवशी अंगठा लावला, तर "सर्व्हर नाही, उद्या या" असं सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा लावला, पैसे मिळाले आणि काकू घरी आल्या. पासबुकात मात्र दोन्ही दिवशी पंधराशे पंधराशे गेल्याची नोंद होती. मुद्दाम झालं की यंत्राच्या गोंधळात झालं, ते मला सांगता येणार नाही. पण काकूंचे पंधराशे रुपये गेले होते, आणि ते त्यांना कळलं दोन महिन्यांनी.

मी विचारलं, "काकू, बँकेचा मेसेज आला नाही का?" आला होता. पण बँकेत नोंदवलेला नंबर होता मुलाचा. मुलगा पुण्याला कामाला. त्याच्या फोनवर दोन्ही दिवशी मेसेज आले. आईने पैसे काढले असतील असं समजून त्याने ते वाचले आणि सोडून दिले.

आम्ही चौघी काकूंबरोबर बँकेत गेलो, लेखी अर्ज दिला, पोच घेतली. पाच आठवड्यांनी पैसे परत जमा झाले. पुढच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा गटातली एक सून म्हणाली, "म्हणूनच सांगते ताई, फोन आणि मशीन हे आपल्यासारख्यांचं काम नाही. आपली रोकड बरी."

तिचं म्हणणं मी डोक्यात ठेवलं. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करते. त्यासाठी आपण आधी दोन लांबच्या देशांत जाऊन येऊ. दोन्ही ठिकाणी आपल्यासारख्याच बायका होत्या, गट होते, पैसे कमी होते. स्वस्त फोनने त्यांचं काय झालं, काय बरं झालं आणि काय बिघडलं, ते बघू आणि मग आपल्या पासबुकाकडे परत येऊ.

बांगलादेशातल्या फोनवाल्या बाया

पहिली गोष्ट बांगलादेशातली. इक्बाल कादीर नावाचे एक गृहस्थ आहेत. १९७१ च्या युद्धात त्यांचं कुटुंब शहर सोडून खेड्यात गेलं होतं. तेव्हा ते शाळकरी मुलगा होते. एक दिवस आईने धाकट्या भावंडासाठी औषध आणायला त्यांना दुसऱ्या गावी पाठवलं. सकाळभर चालून ते पोहोचले, तर औषध देणारा माणूसच जागेवर नव्हता. दुपारभर चालून रिकाम्या हाताने परत आले. पुढे मोठेपणी अमेरिकेत नोकरी करताना एकदा कार्यालयातले संगणक एकमेकांशी जोडणारी यंत्रणा बंद पडली आणि सगळं काम ठप्प झालं. तेव्हा त्यांना तो लहानपणीचा दिवस आठवला. एक निरोप आधी कळला असता, तर अख्खा दिवस वाया गेला नसता.

मैत्रिणींनो, असा दिवस आपल्यापैकी प्रत्येकीने घालवलाय. तलाठी भेटेल म्हणून जावं, तर साहेब मीटिंगला गेलेले. दवाखान्यात जावं, तर डॉक्टर रजेवर. एसटीचं भाडं गेलं, वर दिवसाची मजुरी बुडाली. गरिबाचा पैसा असाही जातो, आणि तो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

कादीर यांनी खेड्यात मोबाइल फोन न्यायचं ठरवलं. पण गरीब माणसाला फोन परवडणार कसा? त्या काळी फोन खूप महाग होता. उत्तर मिळालं ते महिलांच्या कर्जगटांत. मुहम्मद युनूस यांची ग्रामीण बँक तिथल्या खेड्यांत महिलांना गटाच्या भरवशावर लहान कर्ज देत होती. त्यातून बाई गाय घ्यायची, दूध विकायची आणि हप्ता फेडायची. कादीर यांचं म्हणणं असं, की गायीच्या जागी फोन का नको? बाईने कर्ज काढून फोन घ्यावा, गावातल्या लोकांनी तिच्या घरी येऊन बोलावं, मिनिटाचे पैसे द्यावेत आणि त्यातून तिने कर्ज फेडावं.

१९९७ मध्ये हे काम सुरू झालं. गावात एकच फोन, आणि तोही एका बाईच्या घरात. आखातात कामाला गेलेल्या नवऱ्याशी बोलायला बायका तिच्याकडे यायच्या. पैसे पाठवले का, किती पाठवले, हे विचारायच्या. शेतकरी बाजारभाव विचारायचे. फोन बाईच्या घरात असल्यामुळे गावातल्या इतर बायकांनाही तिथं जायला संकोच वाटायचा नाही. चावडीवर किंवा चहाच्या टपरीवर फोन असता, तर किती जणी गेल्या असत्या? पुढच्या आठ-दहा वर्षांत अशा फोनवाल्या बाया दोन लाखांच्या वर गेल्या.

मग फोन स्वस्त झाले. घरोघरी फोन आले आणि मिनिटं विकण्याचा धंदा बसत गेला. ज्यांनी उशिरा कर्ज काढून फोन घेतला, त्यांना पहिल्या बायांसारखी कमाई मिळाली नाही. हेही सांगायला हवं. यंत्रावर उभा केलेला धंदा यंत्र स्वस्त झालं की बदलतो. आज झेरॉक्स, उद्या ऑनलाइन फॉर्म, परवा आणखी काही. गटाने अशा धंद्यासाठी कर्ज द्यावं, जरूर द्यावं, पण फेड लवकर होईल असं बघावं. आठ वर्षांचं कर्ज काढून दोन वर्षं चालणारं यंत्र घेऊ नये.

केनियाचा पैसा

दुसरी गोष्ट आफ्रिकेतल्या केनिया देशाची. तिथं स्वाहिली भाषा बोलतात. त्या भाषेत पैशाला 'पेसा' म्हणतात. ऐकायला आपलाच शब्द वाटतो ना? पूर्वी आपल्याकडचे व्यापारी जहाजाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायचे, त्यांच्याबरोबर तो तिकडे गेला असं सांगतात. तिथल्या फोनवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचं नाव आहे एम-पेसा, म्हणजे मोबाइलचा पैसा.

केनियात त्या वेळी थोड्याच लोकांची बँकेत खाती होती. नवरा नैरोबी शहरात मजुरीला आणि बायको गावाकडे शेतावर, अशी लाखो घरं. घरी पैसे पाठवायचे कसे? बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट द्यायचं, नाहीतर गावी जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे द्यायचं. कधी पोहोचायचे, कधी कमी पोहोचायचे, कधी वाटेतच गायब. स्वतः घेऊन जावं तर प्रवासात चोरीची भीती.

आता गंमत बघा. २००५ मध्ये या सेवेची पहिली चाचणी झाली, ती घरी पैसे पाठवण्यासाठी नव्हतीच. ती होती कर्जगटांसाठी. गटातल्या सभासदांनी कर्जाचा हप्ता फोनवरून भरावा, अशी मूळ कल्पना. तिथल्या एका लहान कर्ज देणाऱ्या संस्थेच्या गटांना फोन दिले आणि शिकवलं. पण लोकांनी फोनचा उपयोग स्वतःच्या गरजेप्रमाणे केला. कुणी गावी असलेल्या नातेवाइकाला पैसे पाठवले. कुणी प्रवासाला निघताना इकडच्या दुकानात रोकड जमा केली आणि तिकडे उतरल्यावर दुसऱ्या दुकानातून काढली, म्हणजे वाटेत चोरीची भीती नको.

चाचणी करणाऱ्यांनी हे बघितलं आणि आपली योजना बदलली. "घरी पैसे पाठवा" एवढंच सोपं काम पुढे ठेवून २००७ च्या मार्चमध्ये सफारीकॉम या तिथल्या फोन कंपनीने सेवा सगळ्या देशासाठी सुरू केली. मला यातली ही गोष्ट फार आवडते. साहेबांनी ठरवलं होतं एक, बायका-माणसांना हवं होतं दुसरं, आणि साहेबांनी ऐकलं. आपल्याकडे गटासाठी एखादं नवीन ॲप येतं तेव्हा आपणही सांगायला हवं, की आम्हाला हे लागतं आणि हे लागत नाही.

आता ही सेवा चालते कशी ते सांगते. तुमच्याकडे बटणांचा अगदी साधा फोन असला तरी चालतो. इंटरनेट लागत नाही. गावातल्या किराणा दुकानासारख्या एखाद्या दुकानात एम-पेसाचा माणूस असतो, त्याला एजंट म्हणतात. तुम्ही त्याला समजा हजार शिलिंग रोख दिले, की तो आपल्या खात्यातून तेवढी रक्कम तुमच्या फोनच्या खात्यात टाकतो. दोघांच्याही फोनवर मेसेज येतो. आता तुम्ही आईला पैसे पाठवायचे तर तिचा नंबर दाबायचा, रक्कम टाकायची आणि आपला गुप्त नंबर, म्हणजे पिन टाकायचा. लगेच तुम्हाला मेसेज आणि आईलाही मेसेज. आई तिच्या गावातल्या दुकानात जाते, ओळखपत्र दाखवते, आपला पिन टाकते आणि रोकड घेते. लोकांनी जमा केलेले हे पैसे फोन कंपनीच्या गल्ल्यात राहत नाहीत, ते बँकांमध्ये वेगळे ठेवावे लागतात. एजंटाला प्रत्येक व्यवहारामागे थोडं कमिशन मिळतं.

आणि त्या दुकानात एक वही असायची. तारीख, रक्कम, फोन नंबर आणि सही. फोनवर मेसेज आला तरी वहीत नोंद व्हायची. आपल्या गटाच्या खतावणीची आठवण येते की नाही? लोकांचा विश्वास बसला तो फक्त फोनवर नाही. ओळखीचा दुकानदार, हातातला मेसेज आणि वहीतली सही, या तिन्हीवर मिळून तो बसला. बघता बघता अशी दुकानं लाखाच्या वर गेली.

त्याने घरात काय बदललं

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थतज्ज्ञांनी केनियातल्या घरांची वर्षानुवर्षं पाहणी केली. त्यांना दोन मोठ्या गोष्टी दिसल्या.

पहिली अडचणीच्या दिवसांची. घरात आजारपण आलं किंवा पीक गेलं, की ज्यांच्याकडे एम-पेसा नव्हतं त्या घरांचा खाण्यापिण्याचा आणि इतर खर्च साधारण ७ टक्क्यांनी खाली यायचा. म्हणजे पोटाला चिमटा बसायचा. ज्यांच्याकडे एम-पेसा होतं, त्यांचा खर्च तसा खाली आला नाही. कारण साधं होतं. बहिणीने थोडे, भावाने थोडे, मैत्रिणीने थोडे असे पैसे त्याच दिवशी पोहोचायचे. मदत करणारी माणसं आधीही होती, पण मदत वेळेवर पोहोचत नव्हती.

दुसरी गोष्ट बायकांची. २०१६ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष मांडले, त्यात अंदाज असा, की एम-पेसामुळे केनियातली सुमारे १,९४,००० घरं अगदी हलाखीच्या गरिबीतून बाहेर आली. म्हणजे देशातल्या शंभर घरांमागे दोन. आणि सुमारे १,८५,००० बायका केवळ पोटापुरत्या शेतीतून निघून लहान धंद्याकडे आणि विक्रीकडे वळल्या. ज्या घरात बाई कर्ती होती, त्या घरांना फायदा जास्त झाला.

असं का झालं असेल? फोनच्या खात्यातला पैसा तिच्या पिनशिवाय निघत नाही. डब्यातले, डाळीच्या बरणीतले, उशीखालचे पैसे घरातल्या कुणाच्याही हाती लागतात. नवऱ्याने पाठवलेले पैसे दीर किंवा सासरे यांच्यामार्फत आले, तर किती आले हेही तिला नीट कळत नाही. पैसे थेट तिच्या नंबरवर आले, की आकडा तिला कळतो, आणि थोडे मागे ठेवून तिला चार वस्तू विकायला घेता येतात. पण हे सगळं कधी? नंबर तिचा असेल आणि पिन तिलाच माहीत असेल तेव्हा.

त्याच फोनवरून आलेलं कर्ज

आता दुसरी बाजू. २०१२ मध्ये केनियात त्याच फोनवरून कर्ज मिळायला लागलं. फॉर्म नाही, जामीन नाही, बैठक नाही. बटण दाबलं की पैसे. त्या पहिल्या सेवेत तीस दिवसांच्या कर्जावर शेकडा साडेसात रुपये आकार होता. आपल्या हिशेबाने बघा. २,००० रुपये महिन्यासाठी घेतले तर वर १५० रुपये. आपल्या गटातून शेकडा दोनने घेतले तर ४० रुपये, आणि तेही आपल्याच गटाच्या पेटीत जमा होतात.

त्यामागून कर्ज देणारी कितीतरी ॲप आली. लोकांनी एकाचं फेडायला दुसऱ्याचं घेतलं. लहान लहान रकमा थकल्या म्हणून कितीतरी लोकांची नावं बुडव्यांच्या यादीत गेली. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करून बदनामी सुरू झाली. शेवटी तिथल्या सरकारला कायदा बदलावा लागला, आणि २०२२ पासून अशा कंपन्यांना तिथल्या मध्यवर्ती बँकेचा परवाना सक्तीचा झाला.

आपल्याकडेही हेच झालेलं तुम्ही ऐकलं असेल. ॲप उतरवून घेतलं की ते फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागतं. हप्ता चुकला की पाहुण्यारावळ्यांना घाणेरडे मेसेज जातात. लाजेपोटी बाई कुणाला सांगत नाही आणि एकटीच अडकत जाते. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. कर्जाची गरज असेल तर आधी गटात बोला. आणि कुणी आधीच अडकली असेल, तर तिनेही गटात बोलावं. तिला नावं ठेवायची नाहीत, तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायचं.

आता आपल्या पासबुकाकडे

केनियात बँका कमी होत्या म्हणून फोनचं खातं निघालं. आपल्याकडे उलटं झालं. आपली बँकेत खाती निघाली, पण फोन मागे राहिला. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असं आढळलं, की देशातल्या शंभर बायकांपैकी ७९ जणी स्वतःचं बँक खातं वापरतात. पण स्वतः वापरते असा फोन मात्र ५४ जणींकडेच आहे. खेड्यांत तर शंभरात ४७. म्हणजे कितीतरी जणींचं खातं त्यांचं, आणि फोन दुसऱ्याचा. आमच्या काकू त्याच फटीत सापडल्या.

तेव्हा त्या सुनेला मी आज सांगते. बाई गं, रोकड बरी हे तुझं म्हणणं मला कळतं. पण योजनांचे पैसे, दुधाचं बिल, पीक विमा, बँकेचं कर्ज हे सगळं आता खात्यातच येतं. आपण यंत्र टाळलं तरी यंत्राशी गाठ पडणारच आहे. मग ते दुसऱ्याच्या हातात ठेवण्यापेक्षा आपल्या हातात घेऊ. त्यासाठी महागडा फोन लागत नाही.

पुढच्या बैठकीत करता येतील अशी कामं सांगते. वहीत टिपून घ्या.

पहिलं काम नंबरचं. हजेरीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा. बँकेत नोंदवलेला नंबर कोणता, तो नंबर सध्या चालू आहे का, आणि तो फोन कुणाच्या हातात असतो. आमच्या गटात हे लिहिलं, तेव्हा बारा जणींपैकी पाच जणींच्या खात्याला दुसऱ्याचे नंबर निघाले, आणि एक नंबर तर बंदच पडलेला होता. नंबर बदलायला बँकेत अर्ज, पासबुक आणि आधार कार्ड घेऊन स्वतः जावं लागतं. दोघी-तिघींनी मिळून जा. काकूंनी आता बटणांचा साधा फोन घेतलाय. मेसेज वाचता येत नाही, पण टुंग वाजलं की त्या नातीला हाक मारतात.

इथंच आणखी एक सांगते. सरकारी योजनांचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. तुमची दोन-तीन खाती असतील, तर पैसे तुम्हाला वाटतं त्या खात्यात न येता दुसऱ्याच जुन्या खात्यात जाऊ शकतात. "माझे पैसेच आले नाहीत" म्हणणाऱ्या बहिणींनी आधी आपलं आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेतून किंवा बँक सखीकडून विचारून घ्यावं.

दुसरं काम शिल्लक बघण्याचं. बऱ्याच बँकांचा एक मिस्ड कॉलचा नंबर असतो. नोंदवलेल्या फोनवरून त्यावर मिस्ड कॉल दिला, की शिल्लक मेसेजने कळते. हा नंबर आपल्या बँकेतूनच विचारून घ्या, इंटरनेटवर शोधू नका, कारण तिथं खोटे नंबरही असतात. शिवाय साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय चालणारी *९९# ही सेवा आहे. ती २०१४ पासून देशभर आहे. २०२२ च्या मार्चमध्ये, महिला दिनाच्या दिवशीच, रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सेवाही सुरू केली. त्यात एका नंबरवर फोन लावून, आवाज ऐकत आणि बटणं दाबत पैसे पाठवता येतात. या दोन्हींसाठी नंबर बँकेत नोंदवलेला असायला हवा आणि पिन तयार करावा लागतो. पहिल्या वेळी बँक सखीला जवळ बसवून करा, पण पिन स्वतःच्या बोटाने टाका.

तिसरं काम अंगठ्याचं. केंद्रावर अंगठा लावण्याआधी किती रुपये काढायचे ते मोठ्याने सांगा आणि यंत्रावरचा आकडा बघा. आकडा वाचता येत नसेल तर वाचता येणारीला बरोबर न्या. पैसे हातात आले तर पावती घ्या. "झालं नाही, सर्व्हर नाही" असं म्हटलं, तरीही व्यवहार झाला नाही याची पावती मागा. पावती नाही तर लगेच दुसरा अंगठा नाही. आधी शिल्लक बघा. आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून आणा. काकूंचे पैसे परत मिळाले ते पासबुक भरलं म्हणून.

चौथं काम पिनचं. पिन म्हणजे आपल्या पेटीची किल्ली. ती मुलाला, बँक सखीला किंवा मला सांगायची नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "तुम्हाला पैसे आलेत, पिन टाका" असं कुणी म्हणालं, तर तो पैसे काढायला बसलाय. बँक फोनवरून ओटीपीही विचारत नाही. तरी फसवणूक झालीच, तर रडत बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे पुढे जातात.

बैठक मात्र मोडायची नाही

शेवटचं सांगते. केनियातल्या त्या पहिल्या चाचणीत हप्ता फोनवरून भरायचा होता. आपल्याकडेही आता काही गटांत मुली म्हणतात, "ताई, बचत फोनवरून टाकते, बैठकीला येत नाही." पैसे जरूर फोनवरून टाका. शेतावरून दमून येणारीला, बाळंतिणीला, माहेरी गेलेलीला तेवढीच सोय. पण बैठकीला या.

कारण काकूंच्या फोनने काकूंचे पैसे शोधले नाहीत. यंत्राने दोनदा पैसे कापले, आणि मेसेज पुण्याला गेला. चूक सापडली ती बैठकीत, चार जणींसमोर पासबुक उघडलं तेव्हा. बँकेत साहेबांनी ऐकून घेतलं, ते आम्ही चौघी गेलो म्हणून. काकू एकट्या गेल्या असत्या, तर "उद्या या" एवढंच ऐकून परत आल्या असत्या, आणि एसटीचं भाडंही गेलं असतं. आपली पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. फोनने यातली बचत सोपी होईल, परतफेड सोपी होईल, हिशेबही सोपा होईल. बैठक मात्र आपल्यालाच भरवावी लागेल.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात ती तीन रकान्यांची यादी करा. किती जणींचा नंबर त्यांच्या स्वतःच्या हातात आहे, ते आमच्या रेडिओ केंद्राला कळवा. फोन करा किंवा पत्र टाका. पुढच्या वेळी आपण तेच आकडे घेऊन बोलू. काकूही येणार आहेत. बँकेत काय काय झालं, ते त्यांच्याच तोंडून ऐकू.

तोवर नमस्कार.